खवल्याचं बीळ कुणाकुणाला ठाऊक आहे?

प्रश्न थोडक्यात असा : संगमेश्वर तालुक्यातलं एक गाव. देवराईला लागून काजूच्या बागा, खाली वहाळ (ओढा). देवराईत खवले मांजर (पँगोलिन), गावच्या भाषेत 'खवल्या', आहे हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. गेल्या दोन महिन्यांत तिथलं एक बीळ टिकावाने उकरलेलं दिसलं, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खिंडारात तारेची फासकी सापडली आणि गावातल्या दोन तरुणांना फोन आले, 'जिवंत खवल्या मिळवून द्या, लाखांत पैसे देतो.' वनरक्षकाकडे गावं अनेक, तो रोज येऊ शकत नाही. अशा वेळी गावाने काय करावं आणि काय करू नये?

आधी एक गाठ सोडवून घेऊ. फासकी आणि उकरलेलं बीळ ही दोन वेगळ्या माणसांची कामं असण्याची शक्यता जास्त आहे. गडग्याच्या खिंडारातली फासकी डुकरासाठी, सशासाठी किंवा भेकरासाठी असते. ती लावणारा बहुतेकदा त्याच गावातला किंवा शेजारच्या वाडीतला असतो. त्याला मटण हवं असतं किंवा पिकाच्या नासाडीचा राग असतो. बीळ उकरणाऱ्याच्या मागे मात्र फोन करणारा असतो. दोघांना जोडणारा दुवा एकच, रात्री बॅटरी घेऊन रानात फिरणारा माणूस. खवल्याची वाट, त्याचं बीळ, कुठल्या वारुळावर तो येतो हे त्यालाच माहीत असतं. तस्कराकडे गाडी असते, पैसा असतो, गिऱ्हाईक असतं. बिळाचा पत्ता तेवढा नसतो, आणि तो गावाकडूनच जातो. म्हणून गस्त, कॅमेरे, पाट्या यांच्या आधी गावाने माहिती सांभाळायला शिकलं पाहिजे : कुठली माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही आणि कुठली ताबडतोब वनखात्याकडे पोचवायची.

खवल्याचा धंदा दोन प्रकारचा आहे. एक अंगावरच्या खवल्यांचा. खवलं म्हणजे आपल्या नखासारखंच केराटिन, औषधी गुण शून्य. पण पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांत ती वर्षानुवर्षं वापरली गेली. चीनने २०२० साली खवले मांजराला सर्वोच्च संरक्षण दिलं आणि अधिकृत औषधसूचीतल्या कच्च्या मालाच्या यादीतून खवलं काढलं, तरी चोरटी मागणी संपलेली नाही. दुसरा धंदा आपल्याकडचा, जिवंत प्राण्याचा. गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो अशी थाप मारणारे मांत्रिक ठरावीक वजनाचं जिवंत जनावर मागतात. मग मधला माणूस वजनकाट्यावर ठेवलेल्या खवल्याचा व्हिडिओ मागतो, त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र दिसलं पाहिजे म्हणतो. यातल्या कित्येक व्यवहारांत शेवटी पैसे देणारा गिऱ्हाईक नसतोच. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला फसवलेलं असतं. पकडलेलं जनावर मात्र तोवर गोणीत आठवडाभर उपाशी राहून मरतं. तुमच्या गावातल्या तरुणांना आलेले फोन याच जातीचे दिसतात. त्यांना हे स्पष्ट सांगा : लाख रुपये कुणाला मिळत नाहीत, मिळते ती कोठडी.

या प्राण्याला एवढीशी ओढाताणही का सोसत नाही, तेही गावाला कळलेलं असावं. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं. ते आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून फिरतं. धोका दिसला की खवल्या पळत नाही, अंगाचं वेटोळं करतो. बिबट्यापुढे हा बचाव चालतो; माणूस मात्र ते वेटोळं उचलून पोत्यात टाकतो. 'ट्रॅफिक' या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदींनुसार २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात ३४२ जप्त्यांमधून १,२०३ खवले मांजरं व्यापारात सापडली, आणि जप्त्यांच्या संख्येत ओडिशाच्या खालोखाल महाराष्ट्र होता. हे फक्त पकडले गेलेले. एका देवराईत दोन-तीन जनावरं असतील तर त्यातलं एक जाणं म्हणजे तिथली पुढची पिढी जाणं.

कायद्याचं थोडक्यात. खवले मांजर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याच्या शिकारीला किंवा व्यापाराला किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. यात तडजोड करून प्रकरण मिटवता येत नाही. 'शिकार' या शब्दात पकडणं, फासकी लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. जनावर मरायलाच हवं असं नाही. कोकणात एक गैरसमज फार घट्ट आहे : 'जागा आमच्या मालकीची, रान खासगी, मग वनखात्याचा काय संबंध?' रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान खासगी मालकीचं आहे हे खरं, पण जमीन कुणाचीही असो, वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. तो कोणत्याही मार्गाने ताब्यात आला तरी ४८ तासांच्या आत वनाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला कळवणं बंधनकारक आहे. कुणाच्या घरी मूळव्याधीवर किंवा नजर लागू नये म्हणून खवल्याची अंगठी असेल, माळ्यावर जुनी खवलं पडलेली असतील, तर ती विकणं किंवा कुणाला देणं हा गुन्हाच. ती वनपालाला लेखी कळवून जमा करून टाकावीत.

बिळाचा पत्ता कसा फुटतो

बहुतेक वेळा कुणाच्याही वाईट हेतूशिवाय. रात्री घरी येताना गाडीच्या उजेडात खवल्या दिसतो, कुणीतरी व्हिडिओ काढतो, तो वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर पडतो, तिथून मुंबईच्या मंडळाच्या गटात जातो आणि दोन दिवसांत तालुक्याच्या बाजारपेठेतल्या दलालाच्या फोनवर पोचतो. मागे दिसणारं देऊळ, वळण, पाटी यावरून जागा ओळखता येते. तेव्हा पहिला नियम गावसभेतच सांगा : खवल्या दिसला तर फोटो कुठल्याही गटात टाकायचा नाही. दिसल्याची नोंद एकाच ठिकाणी द्यायची. त्यासाठी गावाने दोन माणसं ठरवावीत, दोनच. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतला एक आणि पोलीस पाटील, असा जोड बऱ्याच ठिकाणी चांगला चालतो.

दुसरी गळती कागदावरची. ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही सगळ्यांना पाहता येते. त्यात 'खवले मांजर : गावाच्या हद्दीत आढळते' एवढंच लिहावं. सर्व्हे नंबर, देवराईचं नाव, बिळांची संख्या लिहू नये. बिळांचे जीपीएस आकडे त्या दोन माणसांकडे आणि परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे, बाकी कुठेही नाही. अभ्यासाला येणारे विद्यार्थी, निसर्गप्रेमी, चित्रीकरण करणारे यांनाही हाच नियम. वनखात्याची परवानगी दाखवल्याशिवाय बीळ दाखवायचं नाही. पाहुणा दुखावला तरी चालेल.

तिसरी गळती किमतीची, आणि ती मला सगळ्यात घातक वाटते. जप्ती झाली की बातमी येते, 'आंतरराष्ट्रीय बाजारात इतक्या लाखांचं खवले मांजर'. ती वाचून ज्याने आयुष्यात खवल्याकडे पाहिलं नसतं तो रानात जातो. तुमच्या गावाच्या हद्दीत कारवाई झाली तर वार्ताहरांना हात जोडून सांगा की किंमत छापू नका. शिक्षा किती होते ते छापा. गावातल्या फलकावरही किंमत येता कामा नये. 'अमूल्य', 'कोट्यवधींचा' हे शब्दसुद्धा टाळा.

बीळ ओळखणं आणि त्यावर नजर

ज्या बिळांवर लक्ष ठेवायचं ती आधी नीट ओळखली पाहिजेत, नाहीतर साळिंदराच्या बिळावर पहारा होतो. खवल्याचं बीळ दोन प्रकारचं. खाण्यासाठी उकरलेला खड्डा वारुळाजवळ किंवा मुळांपाशी, उथळ असतो आणि पुन्हा सहसा वापरला जात नाही. राहण्याचं बीळ उतारावर, झाडाच्या मुळांच्या किंवा दगडाच्या आडोशाने, खोल जातं. बाहेर सैल मातीचा ढीग असतो, कडेला नखांचे लांब ओरखडे असतात, मऊ मातीत शेपटी घासत गेल्याची रेघ दिसते. आत असताना तो बऱ्याचदा तोंड मातीने लिंपून घेतो, त्यामुळे बंद दिसणारं बीळ सोडलेलं आहे असं समजू नका. तोंडाशी काटे, हाडांचे कुरतडलेले तुकडे पडलेले असतील तर ते साळिंदराचं.

वापरात आहे की नाही हे पाहायला उकरावं लागत नाही. संध्याकाळी तोंडावर चार-पाच बारीक सुक्या काड्या उभ्या टोचून ठेवायच्या आणि सकाळी लांबूनच पाहायचं. काड्या पडल्या असतील तर ये-जा आहे. कोळ्याचं जाळं आरपार विणलेलं असेल तर काही दिवस कुणी गेलेलं नाही. ही पाहणी पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. माती ओलसर असते, खुणा उमटतात, रान थोडं उघडं पडू लागतं. एका बिळाकडे पंधरा दिवसांतून एकदाच जावं आणि दर वेळी वेगळ्या वाटेने. रोज त्याच वाटेने गेलात तर पायवाट पडते, आणि ती पायवाट चोरालाही बिळापर्यंत नेते.

कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायचा असेल तर वनखात्याला विचारूनच, आणि खासगी जागेत मालकाची संमती घेऊन. तो बिळाच्या थेट समोर लावू नका. तोंडापासून तीन-चार मीटरवर, कडेने, जमिनीपासून दीड फुटावर ठेवा. लाल ठिपका न दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा घ्या, पांढरा फ्लॅश नको. पुढचं गवत कापू नका, फक्त लेन्ससमोरची हलणारी काडी मोडा, नाहीतर वाऱ्याने हजारो रिकामे फोटो येतात. कोकणातल्या दमट हवेत पेटीत मुंग्या घर करतात आणि लेन्सवर बुरशी येते, म्हणून आत सिलिका जेलची पुडी हवी आणि ती दर खेपेला बदलायला हवी. एक कॅमेरा बिळावर असेल तर दुसरा देवराईकडे येणाऱ्या वाटेवर, माणसाच्या डोक्याच्या वर झाडावर, खाली झुकवून लावावा. पहिल्यात खवल्या दिसेल. तपासाला उपयोगी पडतो तो दुसरा, कारण त्यात येणारी माणसं दिसतात.

उकरलेलं बीळ पुन्हा सापडलं तर ते बुजवू नका आणि आजूबाजूला फिरूही नका. बुटांचे ठसे, विडीची थोटकं, राख, पाण्याच्या बाटल्या, सोडलेलं हत्यार यांचे आधी दुरून, मग जवळून फोटो घ्या. ठशाशेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा. वनरक्षक येईपर्यंत एक माणूस बाजूला उभा राहू द्या.

फासक्या

फासकी काढणं दिसायला सोपं, पण घाईत केलं तर पुरावा जातो. जमिनीवर सहा जणांची ओळ करा, दोन माणसांत चार-पाच पावलांचं अंतर. गडगा किंवा वई (काट्याकुट्यांचं कुंपण) असेल तिथे तीन माणसं आतून, तीन बाहेरून. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा तार चमकते, ती वेळ उत्तम. नजर जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत. गडग्याची खिंडारं, वईतली भोकं, वहाळ ओलांडण्याच्या जागा आणि मार्चनंतर उरलेले पाणवठे, फासक्या जास्त करून इथेच असतात. वाकवून बांधलेलं लवचिक झाड, ताजी तोडलेली फांदी, जनावराला एकाच फटीकडे वळवण्यासाठी दोन्ही बाजूंना रचलेला काटेरी पाला, ही चिन्हं तारेच्या आधी दिसतात. भात पिकायला लागलं की आणि नंतर काजूच्या हंगामात फेऱ्या वाढवा.

फासकी दिसली की आधी फोटो, जीपीएस, फासाची उंची, तार कशाची आहे, गंजलेली की नवी, ही नोंद. मग हातमोजे घालून, जिथे ती झाडाला किंवा खुंटाला बांधली आहे तिथून पूर्ण सोडवा. नुसता फास खेचून मोडू नका; उरलेल्या तारेचा पुन्हा फास होतो. शक्यतो वनरक्षकासमोर काढा. तो लगेच येऊ शकत नसेल तर त्याला फोटो पाठवून त्याच्या सांगण्यावरून काढा आणि तार त्याच्याकडे द्या. त्याच जागी आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा, कारण लावणारा आपली फासकी गेली की तिथेच नवी लावतो. तार बहुतेक वेळा मोटारसायकलच्या क्लचची किंवा ब्रेकची असते. तालुक्याच्या गॅरेजवाल्यांना सांगून ठेवा की जुन्या तारा भंगारात टाकण्याआधी वीतभर लांबीचे तुकडे करा. काम दोन मिनिटांचं आहे.

डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो हे कोकणात वारंवार घडतं. असं झालं तर कुणीही जवळ जायचं नाही. तार कमरेला असते, जनावर झटके देतं आणि खुंट उपटतो किंवा तार तुटते. गर्दी शंभर मीटर मागे ठेवणं, कुत्री बांधणं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवणं, एवढंच गावाचं काम. भूल देणं पशुवैद्याचं. सुटल्यावर बिबट्या चालतो म्हणजे बरा झाला असं नाही. तारेने रक्तपुरवठा तुटलेला भाग पुढच्या काही दिवसांत सडू लागतो, म्हणून त्याला लगेच सोडून द्या असा आग्रह गावाने धरू नये.

विजेच्या तारा सोडण्याबद्दल आणि गावठी बॉम्बबद्दल एकच सांगतो : यात डुकरापेक्षा माणसं, गुरं आणि कुत्री जास्त सहज मरतात. असं कुणी करत असेल तर ते लपवणं म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणं. ठासणीच्या बंदुकीने आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुकीने होणारी रात्रीची शिकार हीसुद्धा शिकारच. परवाना पिकासाठी असतो, भेकरासाठी नाही.

अर्थात डुकराचा त्रास खरा आहे, आणि तो सोडवला नाही तर फासक्या थांबणार नाहीत. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या, फोटोसह. पंचनाम्याआधी शेत आवरू नका. बारीक झटका देणारं सौर कुंपण चांगलं, पण देवराईच्या बाजूला त्याची सगळ्यात खालची तार जमिनीपासून फूटभर तरी वर हवी किंवा तिथे ती विजेशिवाय ठेवावी. आफ्रिकेत खवले मांजरं जमिनीलगतच्या विजेच्या तारेला लागून दचकतात, तिच्याभोवतीच वेटोळं करतात आणि झटके बसत राहून मरतात. खालची तार वर घेतली तर लहान डुकरं आत शिरतील. त्या पट्ट्यात गडगा डागडुजी करून घेणं हाच उपाय. आणि काजूच्या बुंध्याला वाळवी लागली म्हणून देवराईच्या कडेच्या वारुळांत क्लोरपायरीफॉससारखं कीटकनाशक ओतू नका. ते खवल्याचं ताट आहे. सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पूजली जाते. तिथे वारूळ न मोडण्याची रीत आपसूक खवल्याचं अन्नही राखते.

फोन, गाडी आणि खबर

ज्या दोन तरुणांना फोन आले त्यांनी तो क्रमांक, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवावी. रेकॉर्डिंग किंवा संदेश असतील तर ते मूळ फोनमध्येच ठेवावेत. दुसऱ्याला पाठवलेली प्रत कोर्टात कच्ची ठरते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन लागतो. मग दोघांनी गावात चर्चा न करता थेट परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला भेटावं. त्यांचं नाव गावसभेच्या इतिवृत्तात येता कामा नये.

एक मोह कटाक्षाने टाळा : 'आपणच गिऱ्हाईक बनून फोन करू आणि पकडून देऊ.' गावातल्या माणसाने बनावट गिऱ्हाईक बनलं की तीन गोष्टी बिघडतात. समोरचा माणूस 'माल' जवळ नसेल तर तुमच्या मागणीपायी तो रानात जाऊन पकडतो, म्हणजे खवल्या तुमच्यामुळे जातो. कोर्टात बचाव पक्ष तुम्हालाच व्यवहारातला भागीदार ठरवतो. आणि टोळीला तुमचा चेहरा कळतो. सापळा लावायचा की नाही हे वनखातं, पोलीस किंवा २००७ साली स्थापन झालेल्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ठरवायचं.

खबर देताना पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं सांगा. 'काल रात्री सव्वाअकराला पांढरी गाडी, क्रमांक अमुक, चार माणसं, देवराईच्या पाखाडीशी (पायऱ्यांच्या वाटेशी) वीस मिनिटं थांबली, मग महामार्गाकडे गेली', इतकी खबर पुरे. 'तो अमक्याचा मुलगा त्यात असणार' हे सांगू नका. गाडी मुंबई-गोवा महामार्गाला लागली की उत्तरेला, दक्षिणेला की घाट चढून कोल्हापूरकडे, हे ठरायला अर्धा तास पुरतो. म्हणून कोणत्या दिशेने गेली हे सगळ्यात मोलाचं. तातडी असेल तर ११२ आणि १९२६ दोन्हीकडे कळवा व कळवल्याची वेळ लिहून ठेवा.

गावातल्या बड्या मंडळींना यात घ्याच. गुरव, गावकर, मानकरी यांच्या शब्दाला देवराईत जे वजन आहे ते वनखात्याच्या पाटीला नाही. शिमग्याच्या आधी मांडावर गाऱ्हाणं घालताना 'देवराईत शिकार नाही, बीळ दाखवणं नाही' हे देवापुढे बोललं गेलं तर पुढे तो गावाचा शब्द होतो. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात २०२०मध्ये खवलोत्सव झाला, खवल्याची प्रतिमा पालखीत बसवून नाचवली गेली. त्यामागे असलेल्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्याआधी वेळास या किनाऱ्यावरच्या गावात २००२पासून कासवांची अंडी राखली, वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्यांच्या घरट्यांची तस्करी उघडकीला आणली. वेळासचं उदाहरण नीट पाहा : अंडी कुठे आहेत हे ज्यांना ठाऊक होतं त्याच गावकऱ्यांना राखणीचं काम मिळालं. तुमच्याकडेही रात्री रानात फिरणारी चार माणसं आहेतच. त्यांना बोलावून, मानधन देऊन, बिळांच्या नोंदीचं काम द्या. त्यांना दूर ठेवलंत तर तीच माहिती ते दुसऱ्याला देतील.

जनावर हाती लागलं तर

जप्ती झाली आणि तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर 'नंतर सही करतो' म्हणू नका, आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करू नका. असे खटले बहुतेक इथेच सुटतात : पंच फितूर होतो, लाखेचं सील फुटलेलं निघतं, वजन जुळत नाही. वजनाचं कारण साधं असतं. ओली खवलं सुकली की हलकी होतात, आणि सहा महिन्यांनी बचाव पक्ष म्हणतो, माल बदलला. म्हणून वजनाबरोबर संख्याही मोजून लिहायचा आग्रह धरा, पिशवीचं वजन वेगळं लिहायला सांगा, आणि प्रयोगशाळेसाठी काढलेल्या नमुन्यावर वेगळं सील व पंचांच्या सह्या आहेत ना ते बघा. खवलं कोणत्या प्रजातीची हे डीएनएवरून डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था सांगू शकते, पण नमुना नीट गेला तरच.

जिवंत खवल्या मिळाला तर त्याला उलगडायचा प्रयत्न करू नका आणि शेपटीने उचलू नका. दूध, अंडं, भात काहीही देऊ नका. त्याला दात नाहीत, तो मुंग्या-वाळवीच खातो. उथळ ताटलीत पाणी ठेवा, बस्स. ठेवायला लाकडी पेटी, सुमारे अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, पाऊण इंच जाड फळीची, वरच्या बाजूला बोटभर भोकं, तळाला माती आणि सुका पाला. जाळीचा पिंजरा नको, तो नखं अडकवून घेतो आणि ती तुटतात. गोणपाट तर नकोच, त्यात तो गुदमरतो. पेटी अंधाऱ्या, थंड, शांत खोलीत ठेवा. हातमोजे आणि मास्क घाला; गोचिड्या असतात. सेल्फीसाठी रांग लागली की त्याचा श्वास वाढतो. बंदिवासात हा प्राणी ताणाने, पोटातल्या जखमांनी, न्यूमोनियाने मरतो. त्याला जगवू शकणाऱ्या जागा देशात मोजक्याच, ओडिशातलं नंदनकानन त्यातलं प्रमुख. म्हणून विहिरीत पडलेला किंवा घराजवळ आलेला, अंगावर जखम नसलेला खवल्या वनरक्षकाच्या उपस्थितीत त्याच रात्री, सापडला तिथेच सोडावा. विहिरीतून काढायला कुणी आत उतरू नये. साल न काढलेलं, तिरपं, लांब लाकूड किंवा पोतं बांधलेली शिडी सोडली की तो स्वतः चढून येतो.

तस्करांकडून सोडवलेला मात्र आधी पशुवैद्याला दाखवावा लागतो, आणि तो मुद्देमाल असल्याने न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने सोडला जातो. हा आदेश त्याच दिवशी मागायला वनाधिकाऱ्याला आठवण करा. दोन दिवसांची दिरंगाई जिवावर बेतू शकते. मादी असेल तर छातीवरचे दोन सड पाहायला पशुवैद्याला सांगा. दूध असेल तर कुठल्या तरी बिळात पिल्लू वाट पाहतंय. बीळ तुमच्या गावातलं असेल तर ते त्या दोन माणसांनाच ओळखता येईल, म्हणून त्यांना त्याच क्षणी बोलवा. बिळाच्या कडेने कॅमेरा लावून रात्रभर पाहा, बीळ उकरू नका. आईला त्याच बिळापाशी, अंधार पडल्यावर, दिवे बंद करून सोडा. माणसं वीस-पंचवीस पावलं मागे, गप्प. ती उलगडायला कधी पंधरा मिनिटं घेते, कधी दोन तास. आत गेल्यावर तोंडाशी काड्या टोचून परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांबूनच बघा, त्या पडल्यात का.